अर्भक मृत्यू आणि गोवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडीच्या पोषण मेळाव्यात, महिला मंडळाच्या बैठकीत, आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावर आणि आता रात्री-अपरात्री व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांत पहिलटकरीण असते, तिची सासू असते, पंचायतीचे पंच असतात, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी असतात. बाळ गमावलेली एखादी आईही असते. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत. घाईत असाल आणि घरात आजारी तान्हे बाळ असेल, तर थेट प्रश्न १७ वाचा.

१. अर्भक मृत्युदर म्हणजे नेमके काय? 'हजारी पाच' म्हणजे किती?

एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे किती बाळे पहिला वाढदिवस होण्याआधी दगावली, तो आकडा म्हणजे अर्भक मृत्युदर. हजारी पाच म्हणजे हजारातली पाच. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू 'नवजात मृत्यू' म्हणून वेगळे मोजतात आणि पाच वर्षांखालच्या मृत्यूंचा दर निराळा काढतात. वर्तमानपत्रांत या तिन्ही दरांना सरसकट 'बालमृत्यू' म्हणतात, त्यामुळे दोन बातम्यांतले आकडे जुळत नाहीत. पोटातच दगावलेले बाळ यांपैकी कुठल्याच दरात धरत नाहीत (प्रश्न २१ पाहा).

२. गोव्याचा आकडा किती आहे? आणि तो खरा मानायचा का?

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीत गोव्याचा दर ५ होता. त्याच वर्षी देशाचा २८, महाराष्ट्राचा १६, कर्नाटकाचा १९ आणि मध्य प्रदेशाचा ४३ होता. अमेरिकेचा दरही तेव्हा पाचच्या थोडा वर होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्याचा दर ५.६ आणि देशाचा ३५.२ आला. दोन्ही पाहण्यांची मोजण्याची रीत वेगळी, म्हणून देशाच्या आकड्यात एवढा फरक दिसतो. गोव्याबाबत मात्र दोन्हींचे एकमत आहे.

हा आकडा खराच आहे. गोव्यात ९९ टक्क्यांहून जास्त बाळंतपणे रुग्णालयात होतात, बहुतेक गावांपासून आरोग्य केंद्र फार लांब नाही आणि २०११ च्या जनगणनेत इथल्या जवळपास ८५ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. अनेक पिढ्यांतल्या सुइणी, परिचारिका, डॉक्टर आणि शाळामास्तरांनी हे कमावले आहे. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) ज्या संस्थेतून उभे राहिले, ती वैद्यकीय शाळा १८४२ सालची. या आकड्याचा अभिमान वाटावा असाच तो आहे. पण तो सरासरी आहे, आणि सरासरीत कोण झाकले जाते हे पुढच्या काही उत्तरांत येईल.

३. एका वर्षी ८ आणि पुढच्या वर्षी ५! एका वर्षात एवढी सुधारणा होते का?

एवढी होत नाही. गोवा लहान राज्य आहे. २०११ ला लोकसंख्या १४,५८,५४५ होती. पाहणीच्या नमुन्यात येणारे जन्म थोडे, मृत्यू तर बोटांवर मोजण्याइतके. चार-दोन मृत्यू इकडेतिकडे झाले तरी दर हलतो. म्हणूनच छोट्या राज्यांसाठी तीन वर्षांची सरासरी काढतात, तरीही चढउतार उरतोच. ८ वरून ५ झाले म्हणून सत्कार नको आणि उद्या ५ चे ७ झाले म्हणून गदारोळही नको. दहा-पंधरा वर्षांचा कल पाहावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. गोव्याचा अर्भक मृत्युदर ५.६ आणि नवजात मृत्युदरही ५.६. म्हणजे पाहणीत आढळलेली, पहिल्या वर्षात दगावलेली सगळी बालके पहिल्या महिन्यातच गेली होती. नमुना लहान असल्यामुळे हे शब्दशः घेऊ नये, पण रोख स्पष्ट आहे.

४. बाळे नेमकी कशाने दगावतात?

पहिल्या महिन्यातली मुख्य कारणे चार: दिवस पूर्ण होण्याआधी किंवा फार कमी वजनाचे जन्मणे, जन्मताना श्वास कोंडणे, जंतुसंसर्ग आणि जन्मजात व्यंग. महिन्यानंतर न्यूमोनिया आणि जुलाब ही कारणे पुढे येतात. देशाचा विचार केला तर २०२० मधल्या हजारी २८ पैकी २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते.

दर जसजसा खाली येतो तसतसे जुलाब-न्यूमोनियाचे मृत्यू आधी कमी होतात, कारण लस, क्षारसंजीवनी आणि स्वच्छ पाणी यांनी ते आटोक्यात येतात. मग उरतात ते पहिल्या आठवड्यातले. त्यांची मुळे मागे, आईच्या गरोदरपणात आणि पुष्कळदा तिच्या स्वतःच्या बालपणात असतात. गोवा आज या टप्प्यावर आहे. नुसती आणखी यंत्रे आणून इथून पुढे जाता येणार नाही.

५. मृत्यूच्या दाखल्यावर 'गरिबी' असे कारण कधीच नसते. मग गरिबीला दोष का देता?

दाखल्यावर शेवटचे कारण लिहिलेले असते. त्याआधी काय काय घडले ते पाहू. झुआरीनगरच्या किंवा बायण्याच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत राहणारी, बांधकामावर कामाला जाणारी बाई धरा. वर पत्रा, नळ चार खोल्यांत मिळून एक, तोही ठरावीक वेळेला, बाकी दिवसभर पिंपातले पाणी. गरोदरपणी ती सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत घमेली उचलते, कारण खाडा झाला की रोज बुडतो. तपासणीची वेळ सकाळची आणि कामाची वेळही तीच, म्हणून तिच्या चारपैकी दोन तपासण्या चुकतात. बाळ दोन किलो दोनशेचे होते. दुसऱ्या महिन्यात ती कामावर परतते आणि बाळ आठ वर्षांच्या बहिणीकडे राहते. अंगावरचे दूध कमी होते. पावडरचा डबा महाग पडतो, तो आठवडाभर पुरावा म्हणून दोन चमच्यांऐवजी एकच चमचा टाकतात. पाणी पिंपातलेच. बाळाला जुलाब लागतात आणि ते सुकते. संध्याकाळी आई परत येते तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले असतात.

दाखल्यावर जुलाब आणि निर्जलीकरण लिहिले जाईल, आणि ते चूक नाही. पण पगारी रजा, नळाचे पाणी, पाळणाघर किंवा संध्याकाळची ओपीडी यांपैकी एक जरी तिला मिळाले असते तरी ही साखळी तुटली असती.

६. आई शिकलेली असली की बाळ वाचते, हे कसे? शाळेत बाळ सांभाळायला शिकवत नाहीत.

देशपातळीवर प्रत्येक सर्वेक्षणात हे दिसते. शाळा न पाहिलेल्या आईच्या बाळाला असलेला धोका बारावी झालेल्या आईच्या बाळापेक्षा दुपटीच्या घरात असतो. यात घरच्या पैशाचा वाटा असतो, पण सगळा पैशाचा नाही. शिकलेली बाई माता-बाल संरक्षण कार्ड वाचते, औषधाची वेळ पाळते, डॉक्टरला उलट प्रश्न विचारते. तिचे लग्न उशिरा होते, पहिले मूलही उशिरा होते. आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते असे की घरात तिचे म्हणणे ऐकले जाते. बाळ बरे दिसत नाही, चला दवाखान्यात, असे सुनेने म्हटल्यावर तासाभरात गाडी निघते की नवरा कामावरून येईपर्यंत थांबतात, यावर पुष्कळ काही ठरते.

७. आईचे वय किती असावे? दोन मुलांत अंतर किती हवे?

वीसच्या आत आणि पस्तिशीनंतर धोका वाढतो. एक मूल झाल्यावर निदान दोन वर्षे तरी दिवस जाऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. फार लवकर दिवस गेले तर आईची झीज भरून निघालेली नसते, बाळ कमी वजनाचे होते आणि आधीच्या बाळाचे दूधही लवकर तुटते. तांबी किंवा अंतरा इंजेक्शन सरकारी केंद्रात मोफत मिळते.

८. गोव्यात आम्ही रोज मासे खातो. मग बायकांत रक्त कमी कसे?

पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात गोव्यातल्या ३९ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ५३ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, आणि दोन्ही आकडे आधीच्या फेरीपेक्षा वाढले होते. अर्भक मृत्युदर एवढा कमी असलेल्या राज्यात हे आकडे बोचायला हवेत.

ताटात हुमण असते हे खरे, पण तुकडी कुणाच्या वाट्याला जाते? बहुतेक घरांत बाई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला कढी-भात उरतो. बांगड्यात प्रथिने भरपूर असली तरी लोह बेताचेच असते. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) ते चांगले असते, पण तिसऱ्या रोज होत नाहीत. त्यात जेवणावर लगेच चहा, म्हणजे आहे ते लोहही नीट शोषले जात नाही. तांबडी भाजी, अळसांदे, नाचणी, वर लिंबू, आणि चहा तासाभराने, एवढे केले तरी फरक पडतो. गरोदरपणात लोह-फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस रोज आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. 'गोळीने बाळ काळे होते' किंवा 'बाळ फार मोठे होते' हे खोटे आहे. शौच काळसर होते तेवढेच.

रक्त कमी असलेल्या आईचे बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता जास्त असते. प्रश्न ४ मधले पहिले कारण इथून सुरू होते.

९. मी मशेरी लावते, पण गिळत नाही. बाळाला काय होणार?

निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, गिळावे लागत नाही. ते वारेतून बाळापर्यंत पोचते आणि वारेचा रक्तपुरवठा कमी करते. धूर नसलेल्या तंबाखूनेही बाळाचे वजन घटते आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे बऱ्याच जणी सांगतात. सवय तुटताना काही दिवस तसे वाटते, नंतर ते जाते. घरात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांनीही गरोदर बाई असलेल्या खोलीत ओढू नये.

१०. महाराष्ट्रात माझ्या बहिणीकडे आशाताई घरी येतात. गोव्यात का येत नाहीत?

आशा कार्यक्रम देशभर राबवला गेला, तेव्हा गोवा त्यातून बाहेर राहिलेले राज्य ठरले. इथे उपकेंद्राची एएनएम (परिचारिका) आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर ते काम येते. आरोग्य केंद्रे जवळ असल्यामुळे बहुतेक ठिकाणी निभावते. तरी घरी जाऊन बाळ पाहण्याचे मोल वेगळेच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी नेली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. देशातला घरभेटींचा कार्यक्रम त्याच अनुभवावर उभा आहे: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस.

बाळ घरी आल्यावर या दिवसांत कुणी फिरकले नाही तर आपणहून उपकेंद्राला कळवा. कळवण्यात संकोच नको.

११. आमचा वाडा नेत्रावळीच्या आत आहे. पावसात रस्ता धड नसतो. काय करावे?

सांगे, काणकोण, धारबांदोडा आणि सत्तरीतल्या आतल्या वाड्यांवरून हा प्रश्न येतो, जास्त करून वेळीप, गावडा आणि धनगर घरांतून. उशीर तीन ठिकाणी होतो: निघायचे ठरवण्यात, वाटेत, आणि रुग्णालयात पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. पहिला घरच्यांच्या हातात आहे. तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल तर शेवटचे पंधरा दिवस आरोग्य केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे राहा. गाडीवाल्याचा नंबर आणि पर्यायी गाडी आधी ठरवा. १०८ ला फोन करताना वाड्याचे नाव पुरत नाही, जवळचे देऊळ, शाळा किंवा बसथांबा सांगा. मोबाईलला रेंज कुठल्या वळणावर मिळते हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

बाकीचे दोन उशीर सरकारचे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी रात्री भूल देणारा डॉक्टर नसेल आणि प्रत्येक अडलेली बाई मडगावला किंवा बांबोळीला पाठवली जात असेल, तर त्याबद्दल ग्रामसभेत विचारा. तो विषय इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

१२. "हे मृत्यू भायल्यांचेच (बाहेरून आलेल्यांचेच) असतात, आमचे गोंयकार ठीक आहेत." खरे का?

हा प्रश्न सभेत मोठ्याने विचारला जातो, म्हणून सविस्तर उत्तर देते. स्थलांतरित मजुरांच्या बाळांना धोका जास्त असतो, कारण प्रश्न ५ मधली प्रत्येक अडचण त्यांच्या वाट्याला येते. त्यात भाषा कळत नाही, आधारवर दुसऱ्या राज्याचा पत्ता, रेशनकार्ड गावाकडे. कामाची जागा बदलली की तपासणीचे केंद्रही बदलते आणि जुने कागद हरवतात. कुडचड्याला पहिली तपासणी, वेर्ण्याला दुसरी आणि बाळंतपण तिसरीकडेच, अशी कार्डे आम्ही पाहतो.

पण त्यातून 'म्हणजे आमचा प्रश्न नाही' असा निष्कर्ष निघत नाही. गोव्यातली घरे, हॉटेले आणि पूल ज्यांनी बांधले, त्यांची बाळे गोव्यातच जन्मतात आणि इथल्याच शाळेत जातात. शिवाय आतल्या वाड्यांवरच्या मूळ गोमंतकीय घरांतही अडचणी आहेत (प्रश्न ११), आणि रक्तक्षय तर सगळ्या थरांत आहे (प्रश्न ८). लसीकरण आणि गरोदरपणाची तपासणी यांना रहिवासी दाखला लागत नाही. कुणी दारातून परत पाठवले तर आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

१३. बाळंतपणाला सरकारकडून काय काय मिळते?

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. आजारी बाळावर वर्षाचे होईपर्यंतचे उपचारही त्यात येतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. उत्पन्नाच्या अटी आहेत आणि सरकारी नोकरीतल्या महिलांना ती लागू नाही. योजना केंद्राची असल्यामुळे बाहेरून आलेल्या मजूर बायकांनीही अंगणवाडीत जरूर विचारावे. मुलगी झाल्यास राज्याची ममता योजना आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड (उपचारांसाठी तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख) पाच वर्षे गोव्यात राहिलेल्यांना मिळते. त्यामुळे ज्यांना सर्वांत गरज आहे ती नवी आलेली कुटुंबे नेमकी यातून सुटतात, आणि हे बदलायला हवे असे आमचे मत आहे.

१४. मी काजूच्या कारखान्यात आहे, जाऊबाई मासळी विकते. २६ आठवड्यांची रजा आम्हाला मिळते का?

कारखान्यात तुमचे नाव हजेरीपटावर असेल आणि कायद्याने लागतात तेवढे दिवस भरले असतील तर मिळते, कंत्राटी असलात तरी. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आणि त्यापुढे १२ अशी तरतूद आहे. जाऊबाईला मालकच नाही, त्यामुळे रजा नाही. तिच्यासाठी प्रश्न १३ मधली मातृ वंदना एवढाच आधार. पाच हजारांत सहा महिने घरी बसता येत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. बाजारात पाटीजवळ बाळाला पाजायला आडोसा आणि पाणी एवढे तरी पालिकेने द्यावे.

१५. गोव्यात सिझर जास्त होतात, म्हणून बाळे वाचतात का? आणि मुहूर्त पाहून सिझर केले तर काय बिघडते?

पाचव्या फेरीत गोव्यातली जवळपास ४० टक्के बाळंतपणे सिझरने झालेली होती. अडलेल्या बाईचे सिझर जीव वाचवते, यात शंकाच नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांच्या पुढे सिझर वाढल्याने मृत्यू आणखी घटत नाहीत. म्हणजे गोव्याचा दर कमी असण्याचे श्रेय या चाळिसाला जात नाही.

मुहूर्ताबद्दल: ३९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत, कळा नसताना, निव्वळ तारखेसाठी बाळ बाहेर काढले तर त्याची फुप्फुसे तयार नसण्याचा संभव असतो. धाप लागते, बाळाला काचेत ठेवावे लागते, पहिला चीक चुकतो. पंचांगापेक्षा बाळाला आणखी दहा दिवस पोटात राहण्याची गरज जास्त आहे. डॉक्टरने वैद्यकीय कारणासाठी आधी करायला सांगितले तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा थांबू नका.

१६. बाळ १८०० ग्रॅमचे आहे आणि आता घरी सोडले. काचेची पेटी नाही, काय करू?

आईची छाती आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवायचे आणि वरून लुगड्याने किंवा ओढणीने दोघांना बांधायचे. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथेही पेट्या पुरत नव्हत्या. आता ती कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी सुचवली जाते, दिवसातून निदान आठ तास आणि जमेल तेवढे जास्त. आई थकली की बाबांनी घ्यावे, आजीने घ्यावे. बाबा लाजतात, पण एकदा बाळ छातीवर झोपले की ते उठायला तयार नसतात.

दूध दर दोन तासांनी. ओढता येत नसेल तर काढून वाटी-चमच्याने, बाटलीने नको. आंघोळ बाळाचे वजन वाढेपर्यंत नाही, ओल्या फडक्याने पुसणे पुरे. वजनाला ठरलेल्या दिवशी न्याच. पावसाळ्यात गोव्याची हवा थंड वाटत नसली तरी एवढे छोटे बाळ ओल्या दुपट्यात पटकन गार पडते.

१७. तान्ह्या बाळाची कोणती लक्षणे दिसली तर लगेच निघायचे?

अंगावर ओढत नाही किंवा ओढणे अचानक कमी झाले. निपचित पडून आहे. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त (बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजा), किंवा श्वास घेताना छाती आत जाते. आकडी. अंग तापलेले किंवा गार. तळहात-तळपाय पिवळे. नाळेतून पू किंवा भोवती लाली. ओठ निळसर. यांतले एकही दिसले तर १०८, किंवा हाताशी असेल ती गाडी. वाटेत बाळाला छातीशी धरा आणि ओढत असेल तर पाजत राहा. सकाळ होण्याची वाट पाहू नका.

१८. गुटी, मध, धुरी: हे सगळे पिढ्यान्पिढ्या चालत आले. आता वाईट कसे झाले?

आज्यांचा हेतू नेहमी प्रेमाचा असतो, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना आरोग्य केंद्रात सोबत न्या आणि डॉक्टरांकडूनच ऐकू द्या. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून जंतू जातात. मधातून क्वचित एक जिवाणू जातो, जो वर्षाखालच्या बाळाला लुळे पाडू शकतो. बंद खोलीत निखाऱ्यावरची धुरी बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि शेगडी पेटती ठेवून दार लावून झोपणे आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नये, ती कोरडी ठेवावी.

तेल लावून हलक्या हाताने मालीश, बाळंतिणीला मेथी-अळीवाचे लाडू, चाळीस दिवस तिला कामापासून विश्रांती, हे सगळे जुनेच आहे आणि चांगलेच आहे. ते चालू राहू द्या.

१९. मुली जास्त दगावतात की मुलगे?

जन्मतः मुलगी चिवट असते, त्यामुळे जगभर मुलग्यांचे मृत्यू थोडे जास्त असतात. भारतात २०२० मध्ये दोघांचा दर सारखाच, २८ होता. निसर्गाने मुलीला दिलेला तो फायदा आपल्या समाजात कुठेतरी हरवतो. मुलीला दवाखान्यात न्यायला उशीर, तिच्या औषधाला कमी खर्च, ही त्याची कारणे.

२०. मामाच्या मुलीशी लग्न ठरते आहे. बाळाला धोका असतो का?

काही प्रमाणात. साधारण जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या बाळात ती साधारण दुप्पट. म्हणजे बहुतेक बाळे निरोगीच होतात. घराण्यात लहानपणी गेलेली मुले, बहिरेपण, थॅलेसेमिया असे काही असेल तर लग्नाआधी गोमेकॉत किंवा इतरत्र अनुवंशिक सल्ला घ्या. लग्न मोडायलाच हवे असे नाही, पण माहिती असायला हवी.

२१. बाळ तासभरच जगले. जन्माची नोंद करायची की मृत्यूची? आणि आम्ही दोडामार्गचे, बाळंतपण झाले गोव्यात. मग ते कुठल्या राज्यात मोजले?

तासभर काय, एक श्वास घेतला तरी ते जिवंत जन्मलेले बाळ आहे. त्याच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी होतात. एकही श्वास न घेता मृत जन्मले असेल तर मृतजन्माचा वेगळा फॉर्म भरतात. नोंद २१ दिवसांत, आणि घटना जिथे घडली त्या हद्दीत होते. रुग्णालयात झाले असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची.

त्यामुळे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या बाळंतिणींची गोव्यात झालेली नोंद गोव्याच्या वहीत येते. मात्र प्रश्न २ मधला दर या वहीवरून काढत नाहीत. नमुना नोंदणीत नेहमीचे राहण्याचे ठिकाण पाहतात, म्हणजे तुमचे बाळ महाराष्ट्राच्या हिशेबात. सासर गोव्यात आणि बाळंतपण बेळगावच्या माहेरी झाले तर उलट, ते गोव्याच्या. गोमेकॉतल्या मृत्यूंचा आकडा घेऊन त्यावरून 'गोव्याचा दर लपवला' अशी बातमी करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे: अत्यवस्थ बाळे दोन्ही राज्यांतून तिथेच येतात.

२२. माझे बाळ गेले. माझे काही चुकले का? पुढचे कधी होऊ द्यावे?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त येतो, बहुतेकदा रात्री. तुम्ही उभ्या राहून काम केले, पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर पडलात, कुणाची दृष्ट लागली, यांतल्या कशानेही बाळ गेलेले नाही. वर इतकी कारणे लिहिली, त्यांतली बहुतेक एकट्या आईच्या हातातली नाहीत.

दूध येत राहील, काही दिवस दुखेल. पिळून काढत बसू नका, घट्ट पण सोसेल असा आधार द्या, गार फडके ठेवा आणि परिचारिकेला विचारा. झोप उडाली, जेवण तुटले, मनात जीव देण्याचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष रजा २०२२ पासून आहे, अटी कार्यालयात पाहा.

पाच वर्षांखालच्या प्रत्येक मृत्यूची आरोग्य खात्याने चौकशी करायची असते. कुणी कार्यकर्ती फॉर्म घेऊन आली तर ती दोष ठरवायला आलेली नसते. उशीर नेमका कुठे झाला ते तिला स्पष्ट सांगा, गाडीला किती वेळ लागला तेही. पुढच्या बाळासाठी अंतराचे उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे, पण तुमच्या बाबतीत सिझर झाले होते का, बाळ किती आठवड्यांचे होते यावर ते बदलते. दिवस जाण्याआधीच डॉक्टरांकडे जा. जाताना मागच्या वेळचे कार्ड, सोनोग्राफी आणि डिस्चार्जचा कागद सोबत न्या, आणि नवऱ्यालाही न्या.